जोडीने सत्कार

गोरेगाव, ६ ऑक्टोबर

प्रति,
श्री. ईश्वरदासजी टेंभरे,
सेवानिवृत्त मुख्याध्यापक,
सध्या मुक्काम देवरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेलं शेत.

विषय : घरी परत येण्याबाबत.
संदर्भ : आपण मागच्या महिन्यात वाढलेल्या ताटावरून उठून निघून गेलात, तो दिवस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या पत्नीचा सत्कार ठरला आहे. भाऊबीजेनंतरच्या रविवारी गावची मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) आहे. त्या दिवशी दुपारी, दंडारीचं नाटक सुरू व्हायच्या आधी, स्टेजवर हा कार्यक्रम होईल. सत्कार जोडीने करायचा असं मंडई समितीने ठरवलं आहे. जोडीतला एक नग इथं हजर आहे. दुसरा आपल्याकडे असल्यास तात्काळ पाठवावा.

झालं. सरकारी भाषेत यापेक्षा जास्त वेळ राग दाबून ठेवणं माझ्याच्याने होत नाही.

काऊन जी फोन बंद करून ठेवला? मी लावून पाहिला. रुचीने पुण्याहून लावला आणि मलाच झापलं, "आई, तुम्ही दोघं लहान आहात का?" शेवटी तुमच्या आईने मला तिच्यासाठी लावायला सांगितला. तिला वाटलं, माझ्या नावाने उचलत नसेल, तिच्या नावाने उचलेल. लावला एकाच फोनवरून, पण म्हातारीचं मन कोण मोडेल? बंद आहे हे ऐकून ती म्हणाली, "बापावर गेला." आता सासरे जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांची बाजू घ्यायलाही कोणी नाही.

म्हणून हे पत्र मुन्नालाल कंडक्टरच्या हाती देते. देवरीच्या गाडीवर त्याची ड्युटी आहे. तुमच्या फाट्यावर गाडी थांबवून हाक मारतो म्हणाला. वर म्हणाला, "मॅडम, आजकाल पत्र कोन लिवते जी?" मी म्हटलं, जिचा नवरा फोन उचलत नाही, ती लिहिते. सगळी गाडी हसली.

आता भांडणाबद्दल. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी नोंद राहावी म्हणून माझ्या बाजूने लिहून ठेवते. आपलं ठरलं होतं की मला बासष्ट झाली की मी प्राचार्यपद सोडायचं आणि दोघांनी शेतावर राहायला जायचं. तुम्ही त्यासाठी तिथं दोन खोल्या बांधल्या. तेवढ्यात संस्थेने मला दोन वर्षांची मुदतवाढ दिली आणि मी तिथल्या तिथं "हो" म्हणून आले. घरी येऊन सांगितलं. तुम्ही विचारलं, "मला विचारलंस?" मी म्हटलं, त्यात विचारण्यासारखं काय आहे? तुम्ही उठलात, पिशवी भरली, गेलात. अजूनही मला वाटतं की त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. कॉलेज चालू आहे, मी धडधाकट आहे, खोल्या काही पळून जाऊन राहिल्या नाहीत.

पण स्टेजवर एकटी बसायला मला आवडणार नाही. एवढं मात्र खरं लिहिते.

आपली विश्वासू,
प्राचार्या मंजू टेंभरे


गोरेगाव, १० ऑक्टोबर

श्री. टेंभरे गुरुजी,

पत्र पोचलं, असं मुन्नालालने सांगितलं. तुम्ही म्हणे उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि "बरं" म्हणालात. मी त्याला दोनदा विचारलं, बरं म्हणजे येतो, की बरं म्हणजे कळलं? तो म्हणाला, "मॅडम, मी तिकीट फाडतो. मनातलं मले नाही समजत." तेव्हा नीट लिहून पाठवा. आयुष्यभर पोरांना "पूर्ण वाक्यात उत्तर द्या" म्हणून छड्या मारल्यात.

काल समितीचे लोक घरी आले होते. अध्यक्ष बकाराम कटरे आणि सचिव म्हणून आपला उमेंद्र. तोच उमेंद्र, ज्याला मी इतिहास शिकवला आणि ज्याने आता सिमेंटचं दुकान टाकलं आहे. मी पुन्हा एकदा सांगून पाहिलं की मला सत्कार-बित्कार नको. पगार घेतला, काम केलं, हिशोब मिटला. बकारामजी शांतपणे चहा पिऊन म्हणाले, "मॅडम, सत्कार तुमच्यासाठी नाही जी. मंडईले चहूकडचे पाहुणे येतेत. आम्हाले बी काही दाखवाले पाह्यजे का नाही? दरसाल त्या त्याच पुढाऱ्याचे गळे हाराने भरून आम्हीच कंटाळून गेलो."

मी स्वतःला फार मोठी समजत होते, आणि ही माणसं मला मंडईतल्या आकाशपाळण्यासारखी दाखवायला घेऊन चालली आहेत.

मग त्यांनी माझी कामं काढली. उमेंद्रला ती डेपोची गोष्ट फार आवडते. संध्याकाळची बस नव्हती म्हणून पोरी दुपारीच वर्ग सोडून निघायच्या, तेव्हा मी सगळा वर्गच उचलून डेपोच्या शेडमध्ये नेऊन बसवला होता. फळा खिडकीला टांगला आणि रोज तिथंच शिकवलं, बस सुरू होईपर्यंत. उमेंद्र सांगत होता की बालाघाटला निघालेला एक म्हातारा अठराशे सत्तावन ऐकत बसला आणि त्याची गाडी निघून गेली, तरी जागचा हलला नाही. हे खरं आहे. तो दुसऱ्या दिवशीही आला होता. पुढे काय झालं ते विचारायला.

बकारामजींनी तलावाचं काढलं. पोरांनी आणि गावाने मिळून गाळ उपसला, तेव्हा बकारामजीच आडवे आले होते, आणि आता तेच सांगून राहिले की पाणी उन्हाळ्यापर्यंत राहते. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. माणूस बदलला की त्याला जुनं आठवून देऊ नये, हे तुम्हीच मला शिकवलं.

मग धानाच्या रोवणीचं निघालं. तिथं मात्र मी त्यांना थांबवलं. म्हटलं, रोवणीच्या दिवसांत कॉलेज पहाटे भरवून दहाच्या आत सोडायचं, ही अक्कल माझी नाही. मी तर गैरहजर पोरांची नावं कमी करायला निघाले होते. गुरुजी म्हणाले, "आधी बांधावर जा. हजेरी तिथं घे, मग ठरव." मी रागारागातच गेले. नाव पुकारलं तर चिखलात उभी असलेली पोरगी "प्रेझेंट मॅडम" म्हणाली आणि हात वर केला. त्या हातात पऱ्याची, धानाच्या रोपांची जुडी होती, पाणी गळत होतं. त्याच आठवड्यात मी वेळापत्रक बदललं. उमेंद्र हे ऐकून मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हणूनच तर जोडीने, मॅडम."

मग तो महत्त्वाचा प्रश्न आला, की गुरुजी नाहीच आले तर? बकारामजी म्हणाले, दुसऱ्या खुर्चीवर गुरुजींचा फोटो ठेवू. बिचारा मनापासून बोलला. पण तुमची आई आतून काठी टेकत बाहेर आली. "फोटो ठेवसान त हार बी घालसान. माहा पोरगा जिवंत हाये बावा. रुसला हाये फक्त." समितीचे लोक चपला शोधून निघून गेले.

आता गावभर झालं आहे की गुरुजी रुसले. मुन्नालालला दोष देऊ नका, ही बातमी तुमच्या मातोश्रींनी प्रसिद्ध केली आहे.

कळावे,
मंजू टेंभरे


गोरेगाव, १४ ऑक्टोबर

प्रिय गुरुजी,

काकड्या मिळाल्या. चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली की तुमची आई म्हणाली, एवढं काय लिहिलं आहे त्यात, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं. "देवरीच्या चौकात बॅनर पाहिला. शेवटी मोकळी झालीस. मी उगाच तोंड फिरवून आलो. मागची खोली सारवून घेतली, खिडकी पूर्वेकडे केली, तुला सकाळचं ऊन पाहिजे असते म्हणून. मंडईला येतो. ईश्वर."

पूर्ण वाक्यात उत्तर. दहापैकी दहा.

म्हातारी खूश आहे. सकाळपासून शेजारी सांगत फिरून राहिली की पोरगा येणार. तुमचा पांढरा सदरा धुऊन इस्त्रीला दिला आहे. मी कोणती साडी नेसू, यावर तिचं आणि माझं एकमत होत नाही. तिला लाल पाहिजे, मला ती जांभळी. रुची म्हणते, आई, बासष्टाव्या वर्षी लाल नेसणार असशील तर मी रजा काढून बघायला येते. दिवाळीसाठी लाखोरी डाळ भिजवायची आहे, डाळीचे बडे तळायला. तुम्ही याल तेव्हा गरम करून देईन.

बॅनर गोरेगावातही लागला आहे, बसस्टँडसमोर. फोटो फार मोठा केला आहे. माझं नाक एवढं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. खाली मजकूर आहे, तो बारीक अक्षरात आहे. बाकी इकडे सगळं ठीक. गाडी सुटायची वेळ झाली, मुन्नालाल घंटी वाजवून राहिला.

तुमची,
मंजू


गोरेगाव, १६ ऑक्टोबर

अहो,

परवाचं पत्र फाडून टाका. त्यात साडीबद्दल लिहिलं, नाकाबद्दल लिहिलं, लिहायचं तेवढं मात्र लिहिलं नाही.

बॅनरवर मजकूर बारीक अक्षरात नाही. हे एवढ्या मोठ्या लाल अक्षरात आहे, "सेवानिवृत्तीनिमित्त भव्य सत्कार". मी तुमची चिठ्ठी वाचली तेव्हाच मला कळलं की तुम्ही काय वाचून आनंदला. मी निवृत्त झालेली नाही. मुदतवाढ आहे तशी आहे, दोन वर्षांची. मी ती परत केलेली नाही.

उमेंद्रला मी दुकानात जाऊन गाठलं. गिऱ्हाईक समोर होतं तरी झापलं. हे कोणी लिहिलं? तो मलाच समजावून सांगायला लागला. "मॅडम, निवृत्त झाल्याशिवाय सत्कार कसा होईल? आपल्याकडे सत्कार दोनच वेळा होते. बारावी पास झाला तेव्हा, नाही तर रिटायर झाला तेव्हा. तुम्ही बारावी तर कधीच्या पास झालेल्या." त्याला खरोखर वाटलं की समितीने सत्कार ठरवला, म्हणजे मॅडम गेल्या. कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. प्रेसवाल्यालाही नाही, बकारामजींनाही नाही. माणूस कामावर असताना त्याला चांगलं म्हणायचं, ही पद्धतच आपल्याकडे नाही. बदलून आण म्हटलं, तर म्हणतो दिवाळीचं काम आहे, प्रेसवाले हात लावू देत नाहीत. आणि देवरीपर्यंत सगळ्या चौकांत लागून गेले.

तुमच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "सांगू नोको त्याले. येऊ दे आधी. आला का मंग पाहून घेऊ." तिचा सल्ला मी एक दिवस मानला. तुम्ही आला असता, स्टेजवर बसला असता, मला काय पाहिजे होतं ते मिळालं असतं. पण तुम्ही लिहिलं की खिडकी पूर्वेकडे केली. खोटं वाचून केलेल्या खिडकीत मी बसणार तरी कशी?

म्हणून सांगते. मी का राहिले, त्याचं एक कारण तुम्हाला माहीत आहे. बी.एस्सी. सुरू होऊन दुसरं वर्ष आहे. पोरी पहिल्यांदा गोंदियाला न जाता इथंच विज्ञान शिकून राहिल्या आहेत. ती तुकडी बाहेर पडेपर्यंत मला सोडायचं नाही. नवा माणूस आला आणि त्याने पहिल्याच जुलैत पहाटेचं वेळापत्रक बंद केलं, तर रोवणीला जाणाऱ्या पोरींचं कॉलेज तिथंच संपलं. हे खरं कारण आहे.

पण दुसरंही आहे, आणि ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला आवडते. सकाळी गेटवर उभं राहून "काऊन रे, आताच उठला का?" म्हणायला आवडते. कोणाच्या तरी आईने दवाखान्यातून येता येता ऑफिसात डोकावून विचारावं, "मॅडम, माही पोरगी अभ्यास करते का?" हे आवडते. भांडायला आवडते, हे तर तुम्ही जाणताच. पदाचा मोह असेल तर असो, मी नाही म्हणत नाही. मला अजून कंटाळा आला नाही.

आणि मला तुम्हीही आवडता. संध्याकाळी घरी आले की तुमचा पाट रिकामा असते आणि जेवण आपलं पोट भरण्यापुरतं होते. दोन्ही एकाच वेळी पाहिजे म्हणणं हावरटपणा असेल. असू दे.

आता तुमचं तुम्ही ठरवा. बॅनर वाचून येणार असाल तर येऊ नका. माझ्यासाठी यायचं असेल तर या.

मंजू


गोरेगाव, २२ ऑक्टोबर, गायगोधनाचा दिवस

अहो,

उत्तर नाही. मुन्नालाल म्हणाला, गुरुजींनी पत्र वाचलं, आणि या खेपेला "बरं" पण म्हणाले नाहीत. कडेचं धान कापायला घेतलं होतं, ते तसंच टाकून आत निघून गेले.

दिवाळी झाली. म्हातारीने दारात दिवे लावले आणि एक जास्तीचा लावला. आज गाई खेळवल्या. सगळे पोरंटोरं शेणामातीत माखून आले, आणि वेशीवर ज्याला त्याला "गुरुजी कोठी?" विचारायची सवय लागली आहे. मी सांगते, धान कापून राहिले. ते खोटं नाही.

उमेंद्र रोज येऊन विचारतो, दोन खुर्च्या ठेवायच्या का एक? मी सांगितलं, दोन. फोटो नाही.

डब्यात बडे पाठवते. गार झाले तरी खा, वाया घालवू नका. पत्राचं उत्तर द्यायचं नसेल तर डबा तेवढा परत पाठवा, तो जोडीतला आहे.

मंजू


गोरेगाव, २८ ऑक्टोबर

अजी,

मंडईच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथंच होता. पण तुम्ही माझ्याकडे पाठ करून माइकवर होता. माझ्या बाजूने काय दिसलं, ते तुम्हाला कसं कळणार? म्हणून लिहिते.

स्टेजवर मी, बकारामजी, आणि माझ्या बाजूची ती रिकामी खुर्ची. जांभळीच नेसले होते. समोर माणसांनी मैदान फुललेलं, पुढच्या सतरंजीवर तुमची आई, मागे जिलेबीच्या गाड्या, आणि दंडारीचे पोरं तोंडाला रंग लावून पडद्यामागे खोळंबलेले. मागे तो बॅनर, तीच लाल अक्षरं. उमेंद्र माइकवर माझी कामं सांगून राहिला होता. मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मी फक्त देवरीकडचा रस्ता पाहत होते, मान न वळवता, फोटोत दिसू नये म्हणून. मनात म्हटलं, नाही येणार. आणि तुमचं चुकलं, असं म्हणण्याची हिंमत मला होईना.

मग पुढच्या रांगेतली माणसं बाजूला व्हायला लागली. तुम्ही आलात. पांढरा सदरा इथं इस्त्री करून खुंटीला टांगलेला, आणि तुम्ही शेतातल्या शर्टात, केसांत धानाची कुसं अडकलेली. स्टेजवर चढून माझ्याकडे पाहिलंही नाही. "सरक" म्हणालात. खुर्ची रिकामी होती, सरकायची काही गरज नव्हती. तरी मी सरकले.

बकारामजींचं नंतर काय झालं, ते त्यांनाही सांगता येत नाही. आयुष्यभर त्यांनी पुरुषाला शाल आणि बाईला साडी-चोळी दिली. हातांना दुसरं माहीतच नाही. शाल तुमच्या खांद्यावर पडली. सन्मानचिन्ह, ज्यावर माझं नाव कोरलं आहे, ते तुमच्या हातात गेलं. मला मिळाली साडी आणि नारळ, गुरुजींची सौ. म्हणून. मैदान हसायला लागलं. उमेंद्र धावत आला, कानात सांगू लागला, "काका, मॅडमचा सत्कार होय, मॅडमचा." बकारामजी घाबरून शाल ओढायला लागले.

तुम्ही शाल सोडली नाही. एका हाताने ती धरून माइकपाशी गेलात. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"शाल मी काढून देत नाही," तुम्ही म्हणालात. "ह्या बाईचा डबा मी भरला. आमच्या पोरीच्या वेण्या मी घातल्या. ही डेपोत शाळा भरवून बसली होती तेव्हा घरची शाळा माझ्याकडे होती. शालीत अर्धा वाटा माझा निघते."

हशा झाला तेव्हा तुम्ही थांबलात. मी तुमचा आवाज इतक्या वर्षांपासून ओळखते, पुढचं गमतीचं नसणार हे मला कळलं.

"दुसरी गोष्ट. मागचा बॅनर चुकला. मॅडम रिटायर झाल्या नाहीत. आणखी दोन वर्षं होत नाहीत. मी रागावून शेतावर गेलो होतो, हे सगळ्या तालुक्याले माहीत आहे. राग अजून गेला नाही. पण तो आमच्या घरचा आहे, आम्ही पाहून घेऊ. तुमच्या पोरींना जी बाई पाहिजे, ती उद्या सकाळी गेटवर राहील. उशिरा येसान त ओरडा खासान."

तुम्हाला दिसलं नाही, पण बी.एस्सी.च्या पोरी उभ्या राहिल्या होत्या. आचल, ती बांधावरून "प्रेझेंट" म्हणणाऱ्या पोरीची धाकटी बहीण, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवून राहिली होती. प्राचार्या म्हणून मी तिला रागवायला पाहिजे होतं. माझ्या डोळ्यांत इतकं पाणी होतं की कोण शिट्टी वाजवते ते मला दिसलंच नाही, असं मी धरून चालते. तुमची आई शेजारणीला सांगत होती की हा लहानपणापासून असाच बोलते. लहानपणापासून तुम्ही कधीच असे बोलला नाहीत. घरी तर कधीच नाही.

माझ्या भाषणाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच. रात्रभर पाठ केलेलं सगळं गेलं. समोर गेले आणि एवढंच म्हणाले की मंडईत फिरा, जिलेबी खा, आणि पोरींना उद्या कॉलेजात पाठवा. बकारामजी म्हणतात, आजवरचं सर्वांत छोटं आणि चांगलं भाषण. त्यांना दंडारीची घाई झाली होती.

आता खरं सांगायचं ते. कापलेलं धान शेतात पडलं आहे, आभाळ भरून आलं आहे म्हणून तुम्ही त्याच संध्याकाळच्या गाडीने निघालात. शाल पिशवीत घालून. मी स्टँडवर आले. पायरीवर एक पाय ठेवून तुम्ही मला विचारलं, "दोन वर्षांनी पुन्हा कोणी विचारलं आणि तू पुन्हा हो म्हणून आलीस, तर मी काय करू?" मी उत्तर देणार तेवढ्यात मुन्नालालने घंटी मारली. खरं म्हणजे उत्तर नव्हतंच माझ्याकडे. तुम्हाला वाटलं असेल, हिला बोलायचं नाही. मी घरापर्यंत तेच घोकत आले.

तुम्ही मुदतवाढीवर रागावला नव्हता. इतके दिवस मी तुम्हाला बी.एस्सी. समजावून सांगून राहिले, बस सांगून राहिले, वेळापत्रक सांगून राहिले. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ताटावरून उठायच्या आधी तुम्ही एकच वाक्य म्हणालात, आणि मी त्याला म्हटलं की त्यात विचारण्यासारखं काय आहे. पहिल्या पत्रात पुन्हा तेच लिहून पाठवलं, वर "अजूनही मला वाटतं" म्हणून. एवढी शिकलेली बाई, सगळ्या गावाला विचारत फिरते, बस पाहिजे का, वेळ बदलू का, तलाव उपसायचा का. घरातल्या माणसाला विचारायचं मात्र राहून गेलं.

तेव्हा उत्तर लिहून देते. दोन वर्षांनी मला सोडवेल की नाही, हे आज मला सांगता येत नाही. उगाच वचन देऊन तुम्हाला पुन्हा खिडकी बसवायला लावणार नाही. पण कोणी काही विचारलं, तर संस्थेला तिथल्या तिथं उत्तर देणार नाही. "घरी विचारून सांगते" म्हणेन. हसतील, हसू देत. मग गाडी पकडून शेतावर येईन, तुम्हाला विचारेन, आणि तुम्ही नाही म्हणालात तर नाही.

सुरुवात आतापासून करते. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस आहे आणि रविवार पूर्ण मोकळा. धान कसं कापायचं ते मी विसरले नसेन, विसरले असेन तर तुम्ही सांगाल. म्हातारी म्हणते, जा. रुची म्हणते, जा. मी दोघींना सांगितलं, "तुमच्या सांगण्यावरून मी जात नाही, आधी त्यांना विचारते."

शनिवारी येऊ का?

मंजू